हणमंत मिस्त्रीची किळस

हणमंत मिस्त्रीला शेणाची किळस नव्हती, रक्ताची नव्हती. मोटारीचं बॉनेट उघडल्यावर आत मेलेली घूस निघाली, तर बोलता बोलता तिला शेपटीला धरून तो गटाराकडे फेकून येई. पण बॅटरीच्या टर्मिनलवर चढलेली ती हिरवट-पांढरी पूड दिसली की त्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं.

"श्शी! ह्ये बगा. आन् ह्येच्यातनं करंट जायचा म्हनं!"

सहा फूट उंच, गालापर्यंत मिशा, आणि नव्या सुनेनं पाल बघावी तसा हा गडी दोन पावलं मागं सरायचा. मग उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन त्यावर तुटून पडायचा. कऱ्हाडात त्याला 'शी मिस्त्री' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे.

स्टेशनच्या रस्त्याला त्याची पत्र्याची शेड होती. तिथं काम फक्त मोटारीच्या विजेचं. बॅटरी, ती भरणारा डायनामो, इंजिन चालू करणारा सेल्फ. इंजिनाला तो हात लावत नसे. मूळचा जतकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. पहिल्या लढाईत खेचरांच्या तांड्यावर भरती होऊन बसऱ्याला गेला. तिथं खेचरं मेली, त्यांच्या जागी लॉऱ्या आल्या आणि खेचरांवरची माणसं लॉऱ्यांवर गेली. कुणा गोऱ्या सार्जंटानं त्याला वायरिंग शिकवलं. त्या सार्जंटाचे दोन इंग्रजी शब्द एवढंच इंग्रजी त्याच्याकडे होतं: 'फाइंड फर्स्ट'. त्याचा अर्थ तो असा सांगे, "आदी सापडवायचं, मंग खोलायचं. आमच्याकडं आदी खोलत्यात, मंग हरवत्यात."

मी तेव्हा कऱ्हाडात वकिली करत होतो आणि अपिलांसाठी साताऱ्याला मोटारीनं जात होतो. मोटार काळी, जुनी, माझ्याकडे तिसऱ्या हातानं आलेली. एके वर्षी तिनं सकाळची चालू व्हायचं सोडलं. सेल्फ दाबला की 'कट्' असा आवाज आणि पुढं काही नाही. एक मेकॅनिक म्हणाला, बॅटरी गेली. दुसऱ्यानं सेल्फ काढून नेला, आतली तार नव्यानं गुंडाळून आणला, परत बसवला. तिसरा म्हणाला, थंडी फार आहे. या तिघांच्या नादात तीन आठवडे गेले. शेवटी दोन बैल जोडून मोटार हणमंत मिस्त्रीच्या शेडपुढं नेली. ते दृश्य बघूनच त्याला शिसारी आली असावी.

"कवापासनं?"

"महिना झाला."

"गार असताना का गरम झाल्यावर?"

"दोन्ही वेळा. पण गार असताना जास्त."

"कुनी कुनी हात लावला?"

मी तिघांची नावं सांगितली. त्यानं डोळे मिटून घेतले, दात दुखल्यावर मिटतात तसे. मग मला आत बसवलं आणि मोठे दिवे लावायला सांगितलं. "आता सेल्फ दाबा. मी दिव्याकडं बगतो."

मी दाबला. दिवे पटकन विझले. पाय काढला, तसे पुन्हा लख्ख लागले.

"बॅटरी मेली असती तर दिवा आदीपासनंच पिवळा आसता," तो म्हणाला. "ह्यो झटक्यानं गेला आन् झटक्यानं आला. म्हंजे घरात दानं हायत, पर वाट कुटंतरी तुंबली हाय. आता धा-बारा वेळा दाबत ऱ्हावा."

मी दाबत राहिलो आणि तो बॅटरीपासून निघालेल्या जाड वायरीवरून बोटं फिरवत गेला. एका टोकाला थांबला. "या हिकडं. हात लावा."

मी हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. बॅटरीची एक पट्टी मोटारीच्या सांगाड्याला बोल्टानं आवळलेली असते, तो सांधा तापला होता. त्या बोल्टाखाली रंग होता, रंगाखाली गंज आणि त्यावर साऱ्या घाटरस्त्याचा चिखल. मिस्त्रीनं पट्टी सोडली, सांधा खरवडून पितळी भांड्यासारखा केला, पुन्हा आवळला. एका दाबात इंजिन चालू झालं.

मला आनंद झाला. त्याला झाला नाही.

"तिघं येऊन गेलं आन् एकानंबी हात लावून बगितला न्हाई. त्यास्नी सोडा. ही गाडी तुमची हाय न्हवं? कवा खाली वाकून बगितलंसा?"

"कधीच नाही," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती एरवी फक्त टर्मिनलच्या वाट्याला यायची.

हळूहळू मला कळत गेलं, की त्याला किळस पुडीची नव्हतीच. न बघता सांगितलेल्या गोष्टीची होती. 'बहुतेक', 'असेल', 'वाटतंय' हे शब्द ऐकले की तो थुंकायचा. दुकानात दोन वायरी जोडलेला एक छोटा दिवा खिळ्याला टांगलेला असे. करंट कुठवर येतो आणि कुठं थांबतो, ते त्या दिव्यानं दिसेपर्यंत तो कुणाला उत्तर देत नसे. गाडीवाले खोटं बोलतात, हे त्यानं धरूनच ठेवलेलं. "गाडीला खोटं बोलता येत न्हाई," तो म्हणे, "म्हनून मालकाला बोलावं लागतंय."

एकदा कृष्णाकाठचा एक मोठा ऊसवाला बागायतदार आला. सगळे त्याला आबासाहेब म्हणत. मोटार बैलांनी ओढून आणलेली. बरोबर बाळू नावाचा ड्रायव्हर, त्याच्या गालावर पाच बोटं उमटलेली. आबासाहेब म्हणाले, "ह्या गाढवानं सेल्फ खाल्ला. सांगा त्याला, कसा खाल्ला ते."

मिस्त्रीनं सेल्फ उतरवला आणि आतल्या चक्राचे दात बघितले. ते कुत्र्यानं चघळल्यासारखे झाले होते.

"इंजिन चालू असताना कुनीतरी पुन्ना सेल्फ दाबलाय," मिस्त्री म्हणाला. "एकदा न्हाई, लय वेळा. आवाज येत नसंल तर मान्साला वाटतं, गाडी बंद हाय. बाळू, तुला इंजिनाचा आवाज येतो का?"

"येतो."

"मंग तुजा पाय न्हवं. आबासाहेब, तुमी कवा चालवता का? कानाला थोडं कमी येतंय न्हवं तुमाला?"

आबासाहेबांना कमी ऐकू येतं, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं आणि अख्ख्या तालुक्यात कुणी बोलत नव्हतं. ते लाल झाले. पाहुण्यांना गाडी दाखवायला आपण चारदा बसलो होतो, एवढं त्यांच्या तोंडून निघालं. मिस्त्री म्हणाला, "मंग आदी ह्येच्या गालाचं काय ते बगा. दात मी बसवतो."

आबासाहेबांनी गालाचं काही बघितलं नाही. बैल परत जोडले आणि मोटार दुसरीकडे नेली. आठ दिवसांनी बाळू एकटाच आला.

"मिस्त्री, माझी नोकरी गेली तुमच्यापायी. एक थप्पड खाऊन भागलं असतं."

"पर खरं काय हुतं?"

"खऱ्याला काय जाळायचंय?" बाळू म्हणाला आणि निघून गेला.

मिस्त्रीनं हातातलं फडकं झटकलं. मग म्हणाला, "वकीलसाहेब, मार खाल्लेला बी तसाच आन् मारनारा बी तसाच. श्शी!" मी हसलो होतो, हे मला आठवतं.

मिस्त्रीला मूलबाळ नव्हतं. किसन नावाचा धाकटा भाऊ होता, बारा वर्षांनी लहान, मिस्त्रीनंच वाढवलेला. दिसायला देखणा, जिभेवर गूळ. मिस्त्री गिऱ्हाइकांना तोडायचा आणि किसन सांधायचा. दुकान चाललं होतं ते निम्मं त्याच्या बोलण्यावर.

दुसरी लढाई लांबली तशी नवी बॅटरी दिसेनाशी झाली. पेट्रोल कुपनावर, टायर परवान्यावर. बॅटरी कशावरच नाही. जुन्यांतल्या बऱ्या प्लेटी काढून एका पेटीत भरायच्या आणि वरून डांबर ओतायचं, असं काम निघालं. ते किसन करायचा. झालेली बॅटरी मिस्त्री तपासायचा. आतलं पाणी काचेच्या नळीत ओढायचं आणि नळीतली तरंगती कांडी किती वर येते ते बघायचं. पाणी जड असलं की कांडी वर येते, म्हणजे बॅटरी भरलेली. त्यानंतर सेल्फचा भार देऊन बघायचं. दोन्हीत उतरली तर डांबरावर चुन्याचा एक ठिपका. 'शी मिस्त्रीचा ठिपका' म्हटलं की साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ड्रायव्हर डोळे झाकून बॅटरी न्यायचे.

त्यातली एक पलूसच्या शिदूनं नेली. त्याची भाड्याची मोटार होती. आश्विनातल्या एका दुपारी कुंडलहून एक बाळंतीण अडली म्हणून तिला मिरजेच्या दवाखान्यात न्यायला त्यानं मोटार काढली. तिचा नवरा लढाईवर होता, बरोबर सासरा आणि सुईण. वाटेत रेल्वेचं फाटक बंद. पेट्रोल कुपनाचं, म्हणून शिदूनं इंजिन बंद केलं. आगगाडी गेली, फाटक उघडलं, आणि सेल्फमधून आवाजसुद्धा आला नाही. शिदूनं हँडल मारलं. तळहाताची कातडी सोलेपर्यंत मारलं. पण बॅटरी आतून पार बसली असेल तर ठिणगीलाच करंट मिळत नाही. मग हँडल मारणं म्हणजे नुसतं दळण. शेवटी त्या उन्हात बैलगाडी मिळाली. दवाखाना दिसायच्या आत गाडीतच बाई गेली. मूलही गेलं.

दोन दिवसांनी शिदू ती बॅटरी पोत्यात घालून घेऊन आला आणि मिस्त्रीच्या पुढ्यात ठेवली. मी डायनामो न्यायला आलो होतो, तिथंच उभा होतो.

"तुमचा ठिपका हाय बगा, मिस्त्री," एवढंच शिदू बोलला आणि काय झालं ते त्यानं सांगितलं.

मिस्त्रीनं आधी नळीनं पाणी ओढलं. कांडी टुणकन वर आली. भरलेली बॅटरी! आणि दिवा लावला तर तार लालसुद्धा होत नव्हती. त्यानं डांबर फोडलं, प्लेटी उपसल्या. त्या बोटांत धरताच पिठासारख्या गळाल्या. तळाशी चार बोटं काळा गाळ. मेलेल्या बॅटरीत कुणीतरी नुसतं जादा ॲसिड ओतलं होतं, कांडी वर यावी म्हणून.

"किसना," मिस्त्रीनं हाक मारली. "ह्येला भार दिलावतास?"

"दिलावता, दादा."

"माझ्याकडं बगून सांग."

किसननं त्याच्याकडे बघितलं नाही. शिदूकडे बघून तो म्हणाला, "लढाई चाललीया, दादा. चांगल्या प्लेटी आनायच्या कुटनं? सगळीच करत्यात. गिऱ्हाईक तरी घरला हसत जातंय."

मिस्त्री उठून शेडच्या मागं गेला. तो ओकत असल्याचा आवाज आम्हाला येत होता. तोंड धुऊन परत आला तेव्हा शिदूपुढं उभा राहून म्हणाला, "कांडी मी बगितली. ठिपका मी लावला. ह्यो म्हनला भार दिलाय, आन् मी पुन्ना बगितलं न्हाई. भाऊ म्हनून."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. "लिवा, वकीलसाहेब. किसनानं काय केलं, मी काय केलं, समदं लिवा. फिर्याद करायची हाय."

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आदल्या संध्याकाळी किसन माझ्याकडे येऊन गेला होता. दादा तुमच्याकडे येईल, त्याचं डोकं फिरलंय, त्याला सांभाळून घ्या, असं म्हणाला. जाताना म्हणाला, लष्करी डेपोतली एक कोरी बॅटरी आली आहे, तुमच्या गाडीला बसवून देतो. माझी बॅटरी तेव्हा खंगलेली होती. मी लाच घेतोय असं मला मुळीच वाटलं नाही. मिळत नसलेली वस्तू मिळाली, एवढंच वाटलं.

तेव्हा मी मिस्त्रीला समजावलं. बाई बॅटरीनं मेली हे कोर्टात कसं सिद्ध होणार? दवाखान्यात पोचली असती तरी वाचली असती, हे कोण सांगणार? प्लेटी तुम्हीच फोडल्यात, म्हणजे पुरावाही गेला. आणि ठिपका तुमचा. आत जाल तर तुम्ही.

"मी आत जाईन म्हनून तर आलोय," तो म्हणाला.

"आठ दिवस विचार करा," मी म्हणालो. अशिलाला कटवायचं असलं की आम्ही हेच म्हणतो.

त्यानं आठ दिवस वाट बघितली नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी शेडमधल्या सगळ्या बॅटऱ्या त्यानं रस्त्यावर मांडल्या. ऐन गर्दीत हातोडा घेऊन एकेक फोडत गेला आणि ओरडून सांगत गेला, "ह्या माझ्या दुकानातल्या. ह्या खोट्या हायत. ज्यांनी नेल्यात त्यांनी परत आना. ह्यो ठिपका मानू नका!" रस्त्यावर ॲसिड वाहिलं. माणसं पायातल्या वहाणा वाचवत लांबून बघत होती. कुणीतरी म्हणालं, "आता ह्येची आपल्यावरच शी!" आणि हशा पिकला. बॅटऱ्या परत आणणारे दोघं-तिघंच निघाले. बाकीच्यांनी त्या दुसऱ्याला विकून टाकल्या.

महिन्याभरात मिस्त्रीच्या शेडकडे कुणी फिरकेना. ज्यानं स्वतःच आपला माल खोटा म्हटला, त्याच्याकडे कशाला जायचं, असा लोकांचा हिशेब. किसननं सांगलीत दुकान काढलं. रंगवलेली पाटी लावली आणि तीवर लिहिलं, 'लष्करातील अनुभव'. लष्करात गेला होता तो थोरला. मी ती पाटी वाचली. तरी दोन वेळा मी त्याच दुकानात गेलो, कारण दुसरं जवळ नव्हतं. तो गादीवर बसून चहा मागवायचा आणि मी तो प्यायचो.

त्या काळातली एक गोष्ट मला शिदूनं नंतर सांगितली. मिस्त्री त्याला घेऊन कुंडलला गेला होता, त्या बाईच्या सासऱ्याकडे. म्हातारा अंगणात बसला होता. त्यानं आलेल्या माणसाला पाणी दिलं. मिस्त्रीनं तांब्या हातात धरूनच सगळं सांगितलं, काही न लपवता. म्हातारा ऐकत राहिला. शेवटी एवढंच विचारलं, "मंग सरकारात का सांगितलं न्हाई?"

"वकील म्हनलं, सिद्ध हुनार न्हाई."

म्हाताऱ्यानं त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला, उरलेलं पाणी अंगणात ओतलं आणि घरात निघून गेला. मिस्त्री तिथंच कितीतरी वेळ उन्हात उभा होता, असं शिदू म्हणाला. माझं नाव त्यानं घेतलं नव्हतं, हेही शिदूनंच सांगितलं. त्यानंतर मिस्त्री कऱ्हाडातून दिसेनासा झाला.

किसननं दिलेली ती कोरी बॅटरी कशी होती, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं. मी मोटार उतारावर लावू लागलो, म्हणजे सेल्फ न दाबता गडगडत चालू होईल. कोर्टापाशीही उतार बघून थांबायचो. लढाई संपल्यावर वर्षभरानं मोटार विकली. घेणारा विट्याचा एक तरुण डॉक्टर होता. नवीनच दवाखाना घातलेला, गावोगाव फिरणारा. तो यायच्या दिवशी मी बॅटरी बाहेरून भरून आणली आणि सकाळी तासभर इंजिन चालवून गरम ठेवलं. त्यानं सेल्फ दाबला, इंजिन लगेच चालू झालं. "बॅटरी कशी आहे?" त्यानं विचारलं. "लष्करी आहे," मी म्हणालो. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्यानंतर चारच दिवसांनी मी आगगाडीनं पुण्याला निघालो होतो. लोणंदला गाडी बरीच थांबली, म्हणून पाय मोकळे करायला उतरलो. मालधक्क्याजवळ कांद्याची एक लॉरी उभी होती, बॉनेट वर. त्याखालून माणूस बाहेर आला तो हणमंत मिस्त्री. मिशा पांढऱ्या झालेल्या, अंगावर विटकी खाकी. एका व्यापाऱ्याच्या लॉऱ्या तो बघत होता.

मला वाटलं, ओळख देणार नाही. पण तो चार पावलं पुढं आला.

"वकीलसाहेब! बरं हाय न्हवं? गाडी कुटं?"

"विकली. विट्याच्या डॉक्टरला."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "किसनानं तुमाला बॅटरी दिलीवती, ते मला तवाच कळलंवतं. त्येनंच सांगितलं, हसत." तो पुढं म्हणाला, "त्येचं न्हाई म्हनत मी. मान्साला गरज असती. मी बी भावावर डोळं झाकलंच की. पर तिचं काय केलंसा? डाक्टरला सांगून दिली, का न सांगता?"

इंजिनानं शिट्टी दिली. खरं बोलायला एवढा वेळ पुरेसा होता.

"सांगून," मी म्हणालो. "आधी सगळं सांगितलं, मगच दिली."

त्याचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"मंग झालं," तो म्हणाला. "मंग मिटलं समदं. बरं वाटलं बगा मला." त्यानं कमरेचं फडकं काढून उजवा हात नीट पुसला, तळवा उलटा करून बघितला, पुन्हा पुसला, आणि मग तो माझ्या हातात दिला.

मी डब्यात येऊन बसलो. गाडी हलली तेव्हा खिडकीतून तो दिसला. पुन्हा बॉनेटखाली वाकलेला, आणि एक हात वर करून लॉरीच्या ड्रायव्हरला सेल्फ दाबायची खूण करणारा.

पुण्यापर्यंत मधे कितीतरी स्टेशनं आली. त्यातल्या कुठल्याही स्टेशनात उतरून विट्याला तार करता आली असती. मी थेट पुण्याला उतरलो.